कोड निवडा

पहिलं कार्ड सोपं होतं.
लॉरेन्स इस्बिस्टर, गुडघा.
दुसरं त्याच्या भावाचं: दमा,
लोकर कातरायच्या दिवसांत वाढतो.
डॉक्टर लीस्कचं अक्षर म्हणजे ओल्या वाळूवर
पक्षी भांडून गेलेले.
शेटलंडच्या या टोकाला ते लागणारी मी एकटी,
म्हणून काम माझ्याकडे आलं.

बिस्किटांच्या सात डब्यांत अख्खं बेट.
मेलेलेसुद्धा. मेलेल्यांचाही अभ्यास होतो म्हणे.

एडिनबरोहून बोटीने आलेला मुलगा,
ओकून ओकून अजून पिवळा,
म्हणाला, घाबरू नका, नावं आम्ही काढून टाकतो.
उरतं ते वय, लिंग, पोस्टकोड, आजार.

बाळा, आमचा पोस्टकोड चार घरांचा.
त्यांतल्या तीन घरांत आता मेंढ्याच राहतात.
‘स्त्री, एकाहत्तर, डाव्या हाताला तीन बोटं.’
काढ नाव, खुशाल काढ.
ब्रेंडाच उरते ती.
धक्क्यावरून हात हलवते तेव्हा
दोन बोटांच्या जागी आभाळ दिसतं.

मी नाही म्हटलं नाही त्याला. कुठल्या तोंडाने म्हणणार?
गेल्या फेब्रुवारीत बर्टी मोअटला हेलिकॉप्टरने नेलं
आणि त्याला पेनिसिलिन चालत नाही, हे वाक्य
इथे तिसऱ्या डब्यात राहिलं,
लाल शाईत, खाली दोन रेघा मारलेलं.
त्याची बायको दुकानात भेटते.
काही बोलत नाही.
पाव घेते, एकटीपुरता, लहान.

तर मी टाइप करते.
अडते ती पेन्सिलीच्या त्रिकोणापाशी.
काही कार्डांच्या कोपऱ्यात असतो, इवलासा.
एकोणिसाव्या वर्षी कामाला लागले तेव्हा लीस्क म्हणाले होते,
ही खूण दिसली की तिच्या नवऱ्याला सांगायचं,
जरा बोट आली का बघून ये.
पुढचं दार लोटून घेतल्यावर.
त्यानंतर त्या त्रिकोणाबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नाही.
अळीमिळी गुपचिळी, ते जाईपर्यंत.

यंत्राला त्रिकोण चालत नाही.
यंत्र म्हणतं, कोड निवडा.
त्यातल्या त्यात जवळचा आहे त्यात ‘हिंसा’ असा शब्द आहे
आणि एकदा निवडला की तो जाणार
राजधानीत, विद्यापीठात, विमावाल्यांकडे,
लेरविकच्या कचेरीतल्या त्या पोराकडेसुद्धा
जो याच नवऱ्याचा नातू.
रकाना रिकामा ठेवला तर पान हलत नाही.
‘रुग्णाची संमती’ समोर बरोबरची खूण
मी यायच्या आधीच कुणी करून ठेवलेली.

शेवटच्या डब्यात आई.
तिचं कार्ड मी कधी काढलं नव्हतं;
ती आली की लीस्क स्वतः उठून डबा उघडायचे.
एकोणीसशे चौऱ्याहत्तर, मार्च: पायऱ्यांवरून पडली. मनगट.
ऑक्टोबर: पायऱ्यांवरून पडली. बरगडी.
कोपऱ्यातला त्रिकोण इतका दाबून काढलेला
की मागच्या बाजूला बोटाला लागतो.

आमच्या घराला पायऱ्या नव्हत्या.

कार्ड कोटाच्या खिशात घातलं.
आई टेकडीपलीकडे राहते. सत्त्याऐंशी.
बाबांचा वस्तरा अजून पुसून ठेवते.
वाऱ्याबद्दल बोलणं झालं, शेजारच्या कुत्र्याबद्दल झालं.
किती राहिली गं कार्डं, तिने विचारलं.
एक, मी म्हटलं.
तिने खिडकीची काच पदराने पुसावी तशी
बाहीने पुसली, स्वच्छच होती ती.
मग म्हणाली, म्हणजे आता सगळ्या देशाला कळणार
लीस्कचं अक्षर किती घाणेरडं होतं.

आणि माझ्या कपात
न विचारता
आणखी दूध ओतलं.